होडीच्या फळीचा पाट

५ ऑक्टोबर १९५८, रविवार

ही डायरी शेठच्या पेढीची, गेल्या सालची. कोरीच रद्दीत निघाली होती, ती मी मागून घेतली. छापलेले वार जुळत नाहीत. खोडून वर लिहीत जाईन. हिशेबाची वही वेगळी आहे. हीत नुसतं मनातलं.

पोचलो एकदाचे. रेवसपर्यंत लाँच, मग एस.टी., रेवदंड्याची खाडी होडीतून आणि पुढे बैलगाडी. काशीद आणखी कोसभर पुढे राहिलं. यांना लाँचमध्ये दोनदा उलटी झाली. आमच्या तळे गावच्या भातखाचरात वाढलेला माणूस. मांडीभर चिखलात दिवसभर उभा राहील, पण घोटाभर समुद्र पाहिला की चेहरा उतरतो. पोहायला तर मुळीच येत नाही. म्हणून मुंबईत असतानाच मी शेठकडून वदवून घेतलं होतं की यांना बोटीत बसायला लागणार नाही. शेठ हसले. म्हणाले, येसाजीभाईंनी बोट फक्त सांभाळायची, बसायला आम्ही आहोत ना.

घर फार छान आहे. शेठच्या बंगल्यामागच्या दोन खोल्या, पण चाळीतल्या खोलीच्या दुप्पट. स्वयंपाकघराची जमीन मातीची, सारवायची. मला तीच आवडते. विहिरीचं पाणी गोड. तळ्याहून आणलेली तुळस दारात लावली. मुलं सध्या सासूबाईंजवळ तळ्यालाच आहेत, शाळेसाठी. शेठच्या गोडाऊनमधल्या कापसाच्या धुरळ्यानं यांची छाती भरली होती, डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली, म्हणून तर ही नोकरी पत्करली. संध्याकाळी ओट्यावर बसून यांनी चहा घेतला आणि एकदाही खोकले नाहीत. पांडुरंगाची कृपा.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज बोट नीट पाहिली. शेठ बोट म्हणतात, गावातले होडी म्हणतात. नाव ‘हंसा’, शेठच्या धाकटीचं. खाडीकाठी झावळ्यांच्या मांडवात, ओंडक्यांवर चढवून ठेवली आहे, पाण्यापासून चांगली लांब. शेठनी ती श्रीवर्धनकडच्या कुणाकडून जुनी घेतली आणि मागं लावायला इंजिन आणलं. नाताळात मित्रांना घेऊन लांब समुद्रात जायचं आणि विलायती गळकाठ्यांनी मासे धरायचे, हा त्यांचा शौक. धरलेले निम्मे परत सोडून देतात म्हणे. मग धरायचे कशाला, हे मला कुणी सांगितलं नाही.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आणि माझ्या नशिबी मासे मारायची होडी! बुडाला शिंपल्यांचा थर, रंगाचे पोपडे, आणि आतून मुशी माशाच्या तेलाचा असा वास की घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं तरी तो नाकातून जाईना.

कामाला नामा सुतार लावला आहे. होड्यांचीच कामं करतो. तंबाखूची चंची आधी उघडतो, हत्यारांची पिशवी मागून. होडी ठोकून पाहिली आणि यांना म्हणाला, सायेब, म्हातारी हाय, पन दात शाबूत हायेत. मी म्हटलं, दातांचं राहू दे, नाताळापर्यंत उभी राहील का ते सांग. तर म्हणतो, वैनी, होडी उभी ऱ्हात न्हाय, बसते. असली उत्तरं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

नामानं बुडाजवळची एक फळी काढून नवी बसवली. जुनीच्या कडा कुजल्या होत्या खऱ्या, पण मधला सगळा भाग खणखणीत. जुनं सागवान, नख लागत नाही. नामा म्हणाला, ही ओहोटीला दर्यात सोडायची. होडीची फळी दर्याची, ती जळणात घालत न्हाईत आनि घरात तर नेतच न्हाईत.

मी काय ओळखायचं ते ओळखलं. आज दर्याची म्हणायचं आणि उद्या ती याच्याच घराच्या दाराला लागायची. तळ्याचा आमचा सुतारही असाच. उरलेल्या लाकडाला भूत लावायचा आणि मग त्या भुताचं कपाट करायचा. मी फळी उचलून घरी आणली आणि कोठीला कुलूप लावलं. नामा थुंकला आणि कामाला लागला.

२२ ऑक्टोबर, बुधवार. दसरा

करवतीला, पटाशीला, होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूचे हार घातले. यांनी रोज थोडं थोडं खपून त्या फळीच्या कडा काढल्या, दोन तुकडे जोडून ऐसपैस पाट केला. तेलपाणी दिल्यावर लाकूड असं उजळलं की विकतच्या पाटाला तोंड वर काढता येणार नाही. आज त्यावर बसूनच हे जेवले. एवढा मोठा पाट यांना मिळाला तो फुकट, हेच मला जास्त गोड लागलं. मी मागून जेवते. मला जमीन बरी.

३० ऑक्टोबर, गुरुवार

होडीचे सांधे भरून झाले. कापसाचे पेळू वळून ते फळ्यांच्या मधल्या सांध्यांत ठोकायचे आणि वरून राळ तेलात कढवून ओतायची, असं ते काम. कापूस विकत कशाला, म्हणून आमची जुनी गादी उसवून मी पिंजून दिला. नामा म्हणाला, या गादीवर इतकी वर्सं निजलाव, आता होडीला झोप लागंल. हे हसले. मी नाही हसले.

सांधे तपासायला आत विहिरीचं पाणी ओततात आणि बाहेर कुठं थेंब येतो का पाहतात. कुठंच आला नाही. पाणी उपसलं, आतून फडक्यानं कोरडं केलं. आज सकाळी बघते तर आत पुन्हा घोटाभर पाणी. पोरांनी ओतलं असेल म्हणून चार शिव्या मनात दिल्या. मग बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जीव नुसता वैतागला आहे. रोज सकाळी होडीत पाणी. रोज उपसायचं, पुसायचं, उन्हात वाळवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच. नामा म्हणतो, गादीचा कापूस कुचका. म्हणून तो सगळा उपटून नवा आणून भरला, राळही नवी, तेलही नवं. दुसऱ्या दिवशी पाणी आहेच, आणि थोडं जास्तच. मी नामाला म्हटलं, होडी गळते म्हणजे बाहेरचं पाणी आत येतं. बाहेर इथं वाळू आहे, कोरडी ठणठणीत. तर कापसाचा दोष कसा? त्यानं चंची उघडली. मग मला संशय आला की काम लांबवायला हाच पाणी ओततो. दोन दिवस त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. हे स्वतः मांडवात निजले. पाणी आलंच. कुणी ओतताना दिसलं नाही.

इथली ठमी कोळीण मासळी विकून परतताना खाडीवर टेकते. मला उपसताना पाहून आज म्हणाली, काय गो बाय, गल्यात माळ नि हातात पोहरा, होडीला न्हाऊ घालतेस काय, पोर व्हनार हाय तिला? मी म्हटलं, पोर झालं तर तुझ्याच पदरात टाकीन. ती हसत गेली. मला मात्र रडू आलं. इतकं काम करून काम दिसत नाही, यासारखा वैताग नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

आजचं लिहू की नको अशा विचारात होते. लिहिते.

दुपारचं पान वाढलं. पाटाभोवती रांगोळी, समई लावलेली. अमावास्येची भरती ऐन दुपारी असते, समुद्राचा आवाज परसापर्यंत येत होता. हे पाटावर बसले, चित्राहुती घातल्या आणि मी आमटीची वाटी ठेवली. आमटी वाटीत कलली. वाटी जागच्या जागी होती; आतली आमटी तेवढी एका अंगाला चढली, कडेपर्यंत आली, मग सावकाश दुसऱ्या अंगाला गेली. पुन्हा इकडं. पुन्हा तिकडं. मला वाटलं धरणीकंप. समईकडे पाहिलं तर ज्योत सरळ. माझ्याजवळच्या तांब्यातलं पाणी आरशासारखं. हलत होतं ते फक्त यांच्या ताटातलं.

यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, लाँचमध्ये झालं होतं तसं होतंय. आणि उठून परसात जाऊन ओकले. दिवाळीच्या दिवशी! सगळं पान वाया. मी चिडून बोलले, पित्त म्हणाले, लिंबू दिलं. मग पाट उचलायला गेले तर खाली जमीन ओलीचिंब आणि रांगोळी धुतलेली. सारवण ओलं राहिलं असेल.

सारवण मी परवा केलं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

रोज तेच. हे पाटावर बसले की आमटी हलते, उठले की थांबते, खाली ओल. भरतीच्या वेळी जास्त. हे आता डोळे मिटून जेवतात. मी याला वात म्हणू की काय म्हणू?

आज ठमी विस्तवाला आली आणि भिंतीशी उभा केलेला पाट तिनं पाहिला. पाट कंचा म्हणून विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, होडीच्या फळीचा, यांनी घरीच केला. ती उंबऱ्यातच थांबली. विस्तव न घेताच मागं सरली. मला म्हणाली, बाय, शिकल्याली न तू? मग फळी घरात कशी आनलीस? होडीची फळी जिथं, तिथं खाली दर्या. म्हनून ती दर्याला परत करतात. आमचं शेंबडं पोरबी तिच्यावर बसायचं न्हाय.

मी म्हटलं, नामानंच लबाडी केली असेल असं वाटलं. तर ती म्हणाली, नाम्या लबाड हायेच. पन लबाड मानूस रोजच खोटं बोलतो का?

२० नोव्हेंबर, गुरुवार

ओहोटीला पाट समुद्रात सोडला. हळदकुंकू वाहिलं, नारळ दिला, हात जोडून सांगितलं की अज्ञानानं झालं. पाट पालथा न होता सरळ निघून गेला. यांना कळल्यावर फार रागावले. इतकी मेहनत, इतकं सागवान. म्हणाले, ठमीनं सांगितलं की घर पण सोडशील. बोलू देत. मला हलकं वाटतंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

होडी कोरडी. सकाळी जाऊन हात फिरवून आले. आत थेंब नाही. हे म्हणाले, बघ, नवी राळ आता धरली. नामानं मिशीवर हात फिरवला. दोघांनाही श्रेय घेऊ दे. पांडुरंगा, तुझं मला माहीत आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार. पौर्णिमा

होडी कोरडीच. बुडाला चुना आणि तेल लागलं, आतून मुशीचं तेल, शिडाला मी ठिगळ लावलं, नांगराचा दोर नवा. सगळं कसं मार्गी लागलं. आणि दुपारी हे जेवायला बसले. जमिनीवर. पाट नाही, काही नाही.

आमटी हलली. पूर्वीपेक्षा लांब हेलकावा. वाटीबाहेर सांडली.

हे माझ्याकडे बघत राहिले. मी यांच्याकडे. उठल्यावर धोतर मागून भिजलेलं होतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ठमीच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तिनं हातातली मासळी चिरून संपवली. मग म्हणाली, पाट गेला, पन बसनारा बसला व्हता न. तो होडीतला झाला. दर्या फळी मोजत न्हाय, मानसं मोजतो. मी विचारलं, आता उपाय? तर म्हणाली, म्या कुठं बघितलंय बाय, फळी घरात आनायची अक्कल आमच्यात कुनाला झाली न्हाय.

टोमणा होता, पण डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

मी एवढंच समजले की समुद्रानं यांना आपलं म्हटलं आहे. तर मग यांनी समुद्रावर पाऊल ठेवायचं नाही. जमिनीवर राहायचं. एवढं तर माझ्या हातात आहे. शेठनी शब्दच दिलेला आहे.

१ डिसेंबर, सोमवार

शेठचं पत्र. पाहुणे सव्वीसला समुद्रावर जाणार. शिवदास तांडेल होडी चालवील, नामा सोबत. आणि येसाजीभाईंनी यायचंच आहे, पाहुण्यांचा चहा-फराळ, गळ-आमिष बघायला घरचा माणूस हवा. जमत नसेल तर तसं लगेच कळवावं, दुसरा माणूस बघता येईल.

दिलेला शब्द असा पुसतात ही मोठी माणसं. हे म्हणतात, जावंच लागेल. नोकरी गेली तर पुन्हा तो धुरळा, तो खोकला. मी म्हटलं, खोकला परवडला.

यांनी आणखी एक सांगितलं. तेल लावताना दिवसभर होडीत बसून होते, तर डोकं अजिबात फिरलं नाही. होडीत बरं वाटतं, म्हणाले, घरीच फिरतं. मी म्हटलं, असं अभद्र बोलू नका.

८ डिसेंबर, सोमवार

हे रेवदंड्याला बाजाराला गेले होते. मी मांडवात गेले. बुडाजवळच्या लांब सांध्यातली राळ सुरीनं फोडली आणि कापूस ओढून काढला. सगळा. माझ्याच हातानं. बोट आत जाईल एवढी फट राहिली. चुना फासून झाकलं. उद्या खाडीत गुडघाभर पाण्यात होडी तपासायची आहे. तिथं गळेल, कुणाला इजा होणार नाही, आणि सव्वीसचं आपोआप रद्द होईल. देवा, यात पाप असेल तर माझ्याकडे.

९ डिसेंबर, मंगळवार

होडी पाण्यात उतरवली. मी काठावर उभी. चुना धुऊन गेला, फट मला काठावरून दिसत होती. आत पाणी आलं नाही. एक थेंब नाही. हे माझं न ऐकता आत चढले होते, हसत होते, मला हात करत होते. इतके मोकळे हसलेले मी किती दिवसांत पाहिले नव्हते.

नामाला बाजूला घेऊन खरं सांगितलं. पाहुण्यांचे जीव माझ्या माथी नकोत. त्यानं पाण्यात वाकून फटीत बोटं घातली. आरपार गेली. मग होडी वर ओढवून गपचूप कापूस आणून भरला, राळ ओतली, आणि चहा न घेता गेला.

१६ डिसेंबर, मंगळवार

यांचा खोकला परत आला. पण सुका नाही. खोकले की तोंडातून पाणी येतं. मी पुसते. पुसलेलं फडकं वाळलं की त्यावर मीठ.

चालताना पाय फाकवून टाकतात, तांडेलासारखे. खाटेवर निजले तरी कडा धरून.

स्वयंपाकघरातली ती जागा आता वाळतच नाही. शेण टाकते, माती टाकते, चुलीतली राख टाकते. इतकी राख कुठं जाते? चिडून आज केरसुणी फेकली. मग तिच्या पाया पडले.

दुसरीकडे बसा म्हटलं, तर ओट्यावरही तेच. बंगल्याच्या फरशीवरही तेच. बसतील तिथं.

२० डिसेंबर, शनिवार

हे म्हणतात, मी होडीतच जेवतो, तिथं बरं वाटतं.

मी नाही म्हटलं. एकदा त्या होडीत गेले की—

नाही. घराबाहेर सोडणार नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

शेठ आले. पाहुणे आले. मी पदर डोक्यावर घेऊन स्वतः शेठसमोर गेले, यांची तब्येत सांगितली. शेठ म्हणाले, दर्याच्या हवेनं खोकला जातो, बहेन, काय फिकर करता? मी म्हटलं, ते येणार नाहीत. शेठचा चेहरा बदलला. बरं, म्हणाले, परत आल्यावर बघू. म्हणजे नोकरी गेली.

यांच्याशी भांडण. म्हणाले, तुला काय कळतं, मला इथं श्वास पुरत नाही, तिथं पुरतो, जाऊ दे मला. हात जोडले माझ्यापुढं. लग्न झाल्यापासून कधी—

मी तुळशीची शपथ घातली. गेलात तर परत याल तेव्हा मी दिसणार नाही म्हणाले.

शेवटी म्हणाले, बरं.

जिंकले मी.

२६ डिसेंबर, शुक्रवार. पौर्णिमा, दत्तजयंती

भरती चढू लागली तशी होडी गेली. शेठ, दोन पाहुणे, शिवदास, नामा. समुद्र तुपासारखा शांत. पाहुणे गाणी म्हणत होते. ठमी काठावर होती.

हे घरी आहेत. मी बाहेरून कडी घालून गेले होते, तशीच होती. आत बसलेत. जमिनीवर, पक्क्या जमिनीवर. आता काय करायचं ते कर म्हणावं समुद्राला. नैवेद्याचा स्वयंपाक लावला आहे.

दुपारी

ऐन भरती. हे बसले आहेत ते उठत नाहीत. ताट वाढलं ते घसरत भिंतीपर्यंत गेलं आणि परत आलं. मी उठवायला गेले तर जड. म्हणाले पाय लागत नाहीत. कशाला लागत नाहीत? म्हणाले, खाली. खाली पाय लागत नाहीत.

मांडी घातलेली दिसते मला. पण कमरेपर्यंत भिजले आहेत.

दारावरून जाणाऱ्या ठमीला हाक मारली. माणसं आणायला धावली. ती येईपर्यंत यांचा हात धरून बसले आहे. दुसऱ्या हातानं लिहिते— लिहिलं की डोकं जागेवर राहतं.

होडीत जाऊ दिलं असतं तर. होडी कोरडी होती. सबंध होडी कोरडी होती, आणि मी यांना—

छातीपर्यंत.

जमीन कोरडीच आहे माझ्याखाली. हात लावून पाहिला. यांच्यापाशी थंड. बोटं बुडतात.

काही बोलतात, तोंडातून पाणी येतं. मी पुसते. पुसून होत नाही. पांडुरंग पांडुरंग

ठमी आली. माणसं आली. दारातच उभी. कुणी उंबरा ओलांडत नाही. ठमी ओरडते बाय हात सोड, तू बसली न्हाईस, तू होडीतली न्हाईस, तुला न्हाय मोजलं, हात सोड गो—

कसा सोडू

उंबरा वर जातो. ठमी वर जाते. परत खाली. माझ्याखालीही आता—

हे खाली बघत नाहीत, माझ्याकडेच बघतात. पकड निसटतेय, एका हातानं नाही धरवत, दोन्ही हातांनी धरायला हवं म्हणून ही पेन्सिल